आठवड्याची सभा आणि पस्तीस दिवसांचं रक्त

जून उजाडला की कोकणातल्या तालुक्याच्या गावांमधल्या रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांत एक वाद हमखास निघतो. ३० जूनला जुन्या अध्यक्षांची मुदत संपते, १ जुलैला नवे अध्यक्ष येतात, आणि नव्या कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "दर आठवड्याची सभा बंद करूया. महिन्यातून दोनदा भेटू, बाकीचं व्हॉट्सॲपवर. सभा कमी, काम जास्त." समोरून उत्तर येतं ते परंपरेचं. क्लब निघाल्यापासून सभा आठवड्याला आहे, ज्येष्ठांनी ती कधी चुकवली नाही, आपण मोडायची नाही. एका बाजूला सभा म्हणजे वेळेची नासाडी वाटते, दुसरीला तो कुळाचार वाटतो. सभेत नेमकं काय व्हायला हवं, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझ्या मते आठवड्याची सभा टिकवावी, पण ती परंपरा आहे म्हणून नव्हे. कोकणात हे क्लब जी कामं अंगावर घेतात त्यांची मुदतच दिवसांत आणि आठवड्यांत मोजावी लागते, म्हणून टिकवावी. आणि आज बहुतेक ठिकाणी ती जशी चालते तशीच चालवायची असेल, तर मात्र बंद केलेलीच बरी.

परंपरेचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात लंगडा आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती पहिल्यांदा भेटले, पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत राहिले, आणि आठवड्याची सभा हा रोटरीचा कणा झाला, हे खरं. पण त्याच रोटरीने २०१६ मध्ये नियम सैल केले. आता क्लबाने महिन्यातून किमान दोनदा भेटलं तरी चालतं. लायन्सच्या बहुतेक क्लबांत तर महिन्याला दोनच सभा. त्यांनी काम केलं नाही असं कोण म्हणेल? आणि परंपरेलाच प्रमाण मानायचं, तर १९८९ पर्यंत रोटरीत स्त्रियांना सभासद न करून घेणं हीसुद्धा परंपराच होती. तेव्हा 'पूर्वीपासून आहे' या आधारावर सभा वाचवायला निघालेले लोक तिचे वैरीच ठरतात.

आता विरोधकांची खरी बाजू. सभेची वेळ साडेसात, सुरुवात सव्वाआठला. राष्ट्रगीत, स्वागत, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पाहुण्यांचा परिचय, पुष्पगुच्छ. मग व्याख्यान, बहुतेकदा 'यशस्वी जीवनाची सूत्रं' छापाचं. मग आभार, मोमेंटो, ग्रुप फोटो आणि जेवण. या दीड-पावणेदोन तासांत क्लबाच्या कामाला मिळणारा वेळ किती? "प्रोजेक्टबद्दल अध्यक्ष लवकरच कळवतील," एवढं एक वाक्य. हिशेब सोपा आहे: तीस सभासद, माणशी तीनशे रुपयांचं ताट, वर्षाला पन्नास सभा, म्हणजे साडेचार लाख रुपये. हे पैसे सभासदांच्या खिशातले असतात, लोकांच्या देणगीतले नसतात. चांगल्या क्लबांत प्रशासनाचं आणि सेवेचं खातं वेगळं असतं, आणि नसेल तिथे खजिनदाराने ते पहिल्या महिन्यात वेगळं करावं. तरीही ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो, त्या गावाला हे साडेचार लाख दिसतात. टीका झोंबते कारण ती खरी आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की जेवण काढा, गुच्छ काढा. सभाच काढा हे त्यातून कसं निघतं?

रक्तदानाचंच घ्या, कारण हे काम प्रत्येक क्लब करतो आणि बहुतेक क्लब चुकीच्या पद्धतीने करतात. १५ ऑगस्टला मंडप घालून एका दिवसात दीडशे-दोनशे पिशव्या गोळा करायच्या, बातमी छापून आणायची, की वर्षाचं रक्तदान संपलं. नेहमीच्या पिशवीतलं रक्त शीतपेटीत २ ते ६ अंशांवर ३५ दिवस टिकतं. तांबड्या पेशी वेगळ्या करून त्यात पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. प्लेटलेट पाच दिवस, त्याही २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवल्या तरच. रक्त दिलेला पुरुष पुन्हा तीन महिन्यांनी देऊ शकतो, स्त्री चार महिन्यांनी. म्हणजे १५ ऑगस्टची साधी पिशवी १९ सप्टेंबरनंतर निकामी, आणि ज्यांनी ती दिली ते पुरुष दातेही १५ नोव्हेंबरपर्यंत उपयोगाचे नाहीत. याच तीन महिन्यांत गणपतीला महामार्गावर गाड्यांची रांग लागलेली असते आणि डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण वाढलेले असतात. एकाच दिवशी दोनशे पिशव्या म्हणजे छोट्या रक्तकेंद्रासाठी आधी साठवणुकीची पंचाईत, आणि दीड महिन्याने टंचाई.

मग करायचं काय? दर दोन-तीन आठवड्यांनी पंचवीस-तीस पिशव्यांचं लहान शिबिर, रक्तकेंद्राच्या तंत्रज्ञाला कोणता गट कमी आहे हे आधी विचारून. हे वेळापत्रक कोकणाच्या पंचांगावर बसवावं लागतं. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा खेड्यात दाता मिळत नाही. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते, तेव्हा कोणी झोपून राहायला तयार नसतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, म्हणून शहरातली शिबिरं ओस पडतात. पण त्याच मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, वाडीवाडीत पूजा आणि क्रिकेटचे सामने असतात. शिबिर तिथे न्यायचं, सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, दात्याने काही खाल्लेलं आहे याची खात्री करून. दात्याचं वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं, आणि बायकांच्या शिबिरात दुसऱ्या अटीवर बऱ्याच जणी परत पाठवल्या जातात. परत गेलेल्या बाईचं पुढे काय? तिला विचारून तिचं नाव आशाताईंकडे गेलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तर ते शिबिर रक्त न मिळताही यशस्वी. हा सगळा पाठपुरावा सहा जणांनी सहा ठिकाणी फिरून करायचा असतो, आणि आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून "त्याचं काय झालं?" असं कोणी विचारलं नाही, तर तो होत नाही.

पोलिओच्या मोहिमेतलं रोटरीचं नाव सगळे घेतात, तिची पद्धत मात्र कोणी घेत नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे केवळ रविवारच्या बूथवर घडलं नाही. बूथनंतर पथकं घरोघर जायची, दारावर खडूने खूण करायची, आणि जिथे मूल सापडलं नाही किंवा आईबापांनी नकार दिला त्या घरावर 'एक्स'ची खूण पडायची. त्या घरांची यादी व्हायची आणि तिथे पुन्हा जायचं, गरज पडल्यास तिसऱ्यांदा. साथ हटली ती या 'एक्स' घरांच्या यादीवर काम झालं म्हणून. आपल्या क्लबाच्या सभेत 'एक्स' घरांची यादी कधी वाचली जाते का? वाचतो आपण झालेल्या कामांची यादी.

बंधाऱ्याचं गणितही असंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट असतो, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं आणि पऱ्ये, म्हणजे ओढे, धावत समुद्राला मिळतात. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांचा कच्चा बंधारा हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि क्लबांचा आवडता. दहा मीटर रुंद पऱ्यावर मीटरभर उंचीचा बंधारा घालायला चार-पाचशे पोती आणि पंचवीस-तीस माणसांचा एक दिवस पुरतो. पण केव्हा? भातकापणी उरकल्यावर, परतीचा पाऊस थांबल्यावर आणि पऱ्याची धार अजून जिवंत असताना. ही खिडकी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते आणि दर वर्षी पुढेमागे होते. घाई केली तर उशिराच्या एका सरीत पोती वाहून जातात. डिसेंबरअखेर 'सगळ्यांना सोयीचा रविवार' शोधला तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं. तळातला पालापाचोळा आणि सुटे दगड काढले नाहीत तर पाणी खालून निघून जातं. पोतं गच्च भरलं तर उचलताना फाटतं आणि रचल्यावर एकमेकात बसत नाही. दोनतृतीयांश भरून तोंड शिवावं किंवा दुमडून खाली दाबावं, आणि थर विटांसारखे सांधा मोडत रचावेत. मध्ये प्लास्टिकचा कागद घालावा, उन्हाने पोतं कुजतं म्हणून वरचा थर मातीने झाकावा, आणि मे अखेरीस सगळं सोडवून घ्यावं, नाहीतर पहिल्या पुरात फाटकी पोती खालच्या शेतात पसरतात. शिवाय बंधाऱ्याने वरच्या कुणाच्या कुळथा-पावट्यात पाणी शिरतं आणि खालच्या वाडीला वाटतं आपलं पाणी तोडलं. ही भांडणं आधी सरपंचांसमोर मिटवावी लागतात. पंधरवड्याला एक सभा, त्यातली एक दिवाळीत गेली, की मधलं अंतर महिन्याचं होतं. म्हणजे बंधाऱ्याची खिडकी बंद.

हाच दोन सभांच्या सूचनेतला न दिसणारा खड्डा आहे. गणपतीत कोकण दहा दिवस बंद असतं, शिमग्यात पंधरा. आठवड्याच्या सभांपैकी एक बुडली तर पंधरवडा जातो. पंधरवड्याच्या सभांपैकी एक बुडली तर महिना. मोतीबिंदूच्या रुग्णाची तपासणी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिना-दीड महिन्याने व्हावी लागते. वाडीवरून म्हातारीला गाडीत घालून आणणारा सभासद पहिल्या दिवशी असतो. आठवड्याने तिला कोण आणणार, हे ठरवायला महिना कुठे आहे? साखर आणि रक्तदाब आधी न तपासता तालुक्यातून पंधरा रुग्ण शहरातल्या रुग्णालयात न्यायचे आणि त्यातले पाच ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत आणायचे, हा प्रकारही आदल्या आठवड्यात कोणी यादी तपासली नाही म्हणूनच होतो.

वर्ष १ जुलैला सुरू होतं, ही आपल्याकडची आणखी एक अडचण. शिकागोत जुलै हा उन्हाळा. आपल्याकडे तो मुसळधार पावसाचा महिना. नवे अध्यक्ष पदग्रहण करतात आणि पावसात करता येण्याजोगं एकच काम दिसतं, ते म्हणजे वृक्षारोपण. सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात पहारीने खड्डे, बाहेरून आणलेली माती, शंभर रोपं, फोटो. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात आणि कुंपण नसलेलं रोप खातात. फेब्रुवारीपासून आठ-दहा दिवसांआड पाणी लागतं. गवत वाळलं की वणवा येतो, आणि त्याआधी, डिसेंबरातच, भोवतालचं गवत तीन-चार मीटर रुंदीने कापून जाळरेषा काढली नसेल तर उरलेली रोपंही जातात. लावणाऱ्या अध्यक्षांना श्रेय जुलैत मिळून गेलेलं असतं. पुढच्या अध्यक्षांना जुन्या रोपांत रस नसतो, त्यांना नवीन शंभर लावायची असतात. अध्यक्ष दर वर्षी बदलणार, तेव्हा कामाचं सातत्य कुठेतरी राहायला हवं. ते राहतं इतिवृत्ताच्या वहीत, आणि ती वही आठवड्याला उघडली तरच.

"पण व्हॉट्सॲप आहे ना?" आहे, आणि निरोप देण्यासाठी ते उत्तमच आहे. तरुण सभासद, नोकरदार, लहान मुलांच्या आया यांना ते सोयीचंही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गटावर 'रविवारी ट्रॅक्टर लागेल' असं टाकलं की तीस अंगठे उमटतात आणि ट्रॅक्टर कोण आणणार हे ठरत नाही. समोर बसलेल्या माणसाला नाव घेऊन विचारलं, तर त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. दुसरं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी होडी कोणाकडे आहे, जनरेटर कोणाकडे, उंचावरच्या मंगल कार्यालयाची किल्ली कोणाच्या घरी, कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे ज्याच्या डोक्यात किंवा खिशातल्या कागदावर असतं तोच उपयोगी पडतो. ही माहिती फोनमध्ये अडकली की फोनबरोबर बुडते. पूर ओसरल्यावर तर गोंधळ आणखी वाढतो. मदतीचे टेम्पो हमरस्त्यालगतच्या वस्तीत थांबतात, आतल्या वाड्या तशाच राहतात. जुन्या कपड्यांचे ढीग येतात, आणि हवे असतात चिखल काढायला फावडी-घमेली, पंप, वायरमन आणि विहिरी उपसायला माणसं. दर वर्षी मे महिन्याच्या चार सभांत ही यादी नव्याने लिहिली, वाचली, प्रत्येकाने हातात घेतली, तर जुलैत कोणाला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

कोकणाला नियमित सभेचं वावडं कधीच नव्हतं. मुंबईच्या गिरणगावातल्या गाळ्यांत राहणाऱ्या चाकरमान्यांनी गावागावांची मंडळं काढली. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून वर्गणी जमवायची, हिशेब वाचायचा, थकबाकी विचारायची. गावाकडच्या कितीतरी शाळांच्या खोल्या, देवळं आणि पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, या बैठकांच्या पैशातून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे ना बॅनर होता ना मोमेंटो. दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्यांना भेटायला वेळ होता आणि आपल्याला नाही, असं म्हणायचं आहे का?

यावर एक जड आक्षेप येतो. सभा आणि ठराव यांनी काही होत नाही, हे कोकणानेच देशाला दाखवलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कोणाला जाता आलं नाही. त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ उजाडावा लागला. हा आक्षेप मला मान्य आहे: ठराव म्हणजे काम नव्हे. पण २० मार्च आकाशातून पडला नव्हता. त्यामागे महाड परिषदेचे संघटक रा. बा. मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून घेतलेल्या बैठका होत्या, आणि गावकीतून जमवलेली वर्गणी होती. परिषदेला पाणी मिळणार नाही हे आधीच ओळखून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेऊन ठेवलं होतं. कागदावरचा ठराव आणि पाण्याची तजवीज करणारी बैठक यांत जो फरक आहे, तोच आजच्या क्लबांच्या सभेत हरवला आहे.

मग सभा चालवायची कशी? एक तास, घड्याळ लावून. समोर चहा आणि पोहे, तेही सभा संपल्यावर. पहिली दहा मिनिटं सचिवाने मागच्या सभेत कोणी काय अंगावर घेतलं ते नाव आणि तारखेसह वाचावं, आणि त्या त्या माणसाने झालं की नाही एवढंच सांगावं, कारणं नकोत. पुढची वीस मिनिटं एकाच चालू कामाला. त्यानंतरचा पाहुणा गावाच्या उपयोगाचा हवा: महावितरणचे अभियंते, कृषी सहायक, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, तालुक्याच्या आशाताई. चालकाने वीस मिनिटांत सांगितलं की कोणत्या वाडीच्या वळणावर गाडी वळत नाही, तर क्लबाला वर्षाचं काम मिळालं. शेवटी खजिनदाराची पाच मिनिटं. वाढदिवस गटावर साजरे करावेत. त्यासाठीच तो गट आहे.

अशा सभेत वस्तू देण्याची हौसही थोडी आवरली जाईल. डायलिसिसचं यंत्र देणगीत मिळतं. पण एका रुग्णाच्या चार तासांच्या एका फेरीला मिनिटाला अर्धा लिटर या दराने १२० लिटर शुद्ध द्रव लागतो, आणि तेवढं पाणी गाळून काढायला त्याहून बरंच जास्त कच्चं पाणी. तेही आठवड्यातून तीनदा, पावसाळ्यात वीज जाते तेव्हाही. तंत्रज्ञ कोण, जनरेटरचं डिझेल कोण भरणार, एप्रिलमध्ये पाणी कुठून, हे प्रश्न फीत कापण्याआधी तीन-चार सभांत विचारले गेले पाहिजेत. शाळांना वाटलेल्या आरओ यंत्रांचंही तसंच. खाडीकाठची खारी विहीर सोडली तर आपल्या पाण्यात क्षार मुळातच कमी; त्याला हवं असतं वेळेवर क्लोरिन, म्हणजे हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आणि तासभर थांबणं.

राहिला आक्षेप उच्चभ्रूपणाचा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. डॉक्टर, वकील, हॉटेलवाले, बिल्डर, मेडिकलवाले यांच्या पलीकडे क्लब फारसा जात नाही. सभासद शुल्क हे एक कारण आहे, पण सभेची जागा आणि वेळ हे त्याहून मोठं. महामार्गावरच्या हॉटेलात रात्री आठला ज्या बाईला वाडीवर परतायला एसटी नाही, ती येणार कशी? सभा एक आठवडा शाळेत, एक ग्रामपंचायतीत, दुपारी चारला घ्यायला कोणाची हरकत आहे? सभासद न होता काम करू इच्छिणाऱ्यांसाठी रोटरीत कम्युनिटी कॉर्प्सची सोय आहे, ती आपल्याकडे क्वचितच वापरली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांतल्या सभा हर्णै, मिरकरवाडा, मालवणसारख्या बंदरांच्या वस्तीत घ्याव्यात, कारण होड्या कोणाकडे आहेत हे तिथेच कळतं आणि होडीवाले तेव्हाच मोकळे असतात. आंबा बागायतदारांना मात्र एप्रिल-मेमध्ये बोलावू नये. तेव्हा पेट्या भरण्यात त्यांची रात्र जाते; त्यांच्याकडे काही मागायचं असेल तर ते जानेवारीत मागावं.